चार नंबरची घोडी

अमेरिकेहून परत आल्यापासून सोसायटीतल्या बायका विचारतायत, नायगाराचे फोटो कुठायत? नाहीत. काढलेच नाहीत, कारण गेलेच नाही. मुलगा शॉमबर्गला असतो, शिकागोजवळ. त्याच्याकडे दीड महिना राहिले, सुनेकडून लाड करून घेतले, नातीशी मराठीत बोलले आणि तिची इंग्रजीतली उत्तरं ऐकली. मग नायगाराची तिकिटं काढायची वेळ आली तेव्हा मी जाहीर केलं, मला व्हर्जिनियाला घोड्यांच्या शर्यती बघायच्यात. मुलगा म्हणाला, "अगं आई, नायगारा कॅन्सल करून घोडे? लोक काय म्हणतील?" लोक काय म्हणायचं ते म्हणोत. मी अठरा वर्षं पुण्याच्या रेसकोर्सवर घोड्यांची डॉक्टर होते, त्यानंतर नागपूरला पशुवैद्यकीय कॉलेजात शिकवलं. पाणी वरून खाली पडतं हे बघायला मला विमानात बसायची गरज नाही. कुंपणांवरून उड्या मारत तीन मैल धावणारे घोडे मात्र पुण्यात बघायला मिळत नाहीत. आपल्याकडे घोडा सपाट गवतावर धावतो आणि दीड-दोन मिनिटांत सगळं आटोपतं.

ही याच एप्रिलमधली, दोन हजार सहाची गोष्ट. एकूण चार दिवस होते मी तिथे.

गुरुवार

विमानतळावर सुजाता न्यायला आली होती. सुजाता माझी नागपूरची विद्यार्थिनी, सात वर्षं माझ्या हाताखाली शिकली. वर्गातली सगळ्यात हुशार आणि सगळ्यात मुकी. प्रश्न विचारला आणि तिला उत्तर येत असलं की ती उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर घासत बसायची. तोंड काही उघडायची नाही. तोंडी परीक्षेत मी तिच्या बोटांकडे बघून समजून घ्यायचे. आता ती व्हर्जिनियात घोड्यांच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरकडे सहायक आहे आणि इथला परवाना मिळवायच्या परीक्षा देतेय. शेवटची परीक्षा तेवढी राहिलीय.

"मॅडम, या ना जी," म्हणत तिने माझी बॅग ओढली आणि एका भल्यामोठ्या पिकअप ट्रकमध्ये टाकली. मागे वाळलेल्या गवताचे भारे, पुढे आम्ही दोघी. ही पोरगी नागपुरात स्कूटीवरून पडायची, आणि इथे ते धूड एका हाताने ड्राइव्ह करत होती! मी खिडकीची वरची कडी घट्ट धरून ठेवली, पण मनातून फार बरं वाटलं.

शहर संपलं आणि टेकड्या सुरू झाल्या. हिरव्यागार, उतरत्या, मधूनमधून चुन्याशिवाय रचलेले दगडी गडगे, अगदी कोकणात असतात तसे. रस्त्याच्या कडेला पांढऱ्या फुलांची बुटकी झाडं. प्रत्येक कुरणात घोडे, आणि घोडे तरी कसले! अंगावर माशी बसली तरी घसरेल. माणसांची घरं जुनी आणि तबेले नवे. या भागात कुणाची किती प्रतिष्ठा आहे ते घर बघून नाही, तबेला बघून कळतं म्हणे. मला हा भाग लगेच आवडला.

सुजाताची खोली डॉक्टरांच्या तबेल्याच्या वरच होती. नुकतीच चौदा एप्रिलची जयंती झाली होती. त्यासाठी ती चार तास गाडी चालवून गेली होती आणि येताना डबाभर बुंदी घेऊन आली होती. तिने पुडाची वडी केली होती. वॉशिंग्टनच्या दुकानात सांबार स्वस्त मिळतो म्हणाली. आपल्या पुणेकरांसाठी सांगते, नागपुरात कोथिंबिरीला सांबार म्हणतात. चहा मात्र मी केला. चहा मी कुठेही गेले तरी मीच करते. माझ्या चहाला आजवर कुणी नावं ठेवलेली नाहीत. सुजाताने कप दोन्ही हातांत धरून, मान खाली घालून, न बोलता प्यायला, कॉलेजात प्यायची तसाच.

शुक्रवार

डॉक्टरांचं नाव बेन. वय सत्तर, उंची सहा फूट, आणि पँट घोड्याने चघळून परत दिल्यासारखी. त्यांना सगळे नुसतं बेन म्हणतात, अगदी सुजातासुद्धा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दचकलेच. पण तिचं "बेन" ऐकलं की त्यामागचं "सर" मला स्पष्ट ऐकू यायचं.

शनिवारच्या शर्यतींचे अधिकृत डॉक्टर तेच होते. शर्यतीआधी प्रत्येक घोडा तपासायचा, आणि एखादा धावण्याजोगा नसला तर काढून टाकायचा, हे त्यांचं काम. शुक्रवारी सकाळी त्यांनी आम्हाला मैदान पायी फिरवलं. इथे दोन तऱ्हेची कुंपणं असतात. एक झाडूच्या काड्यांसारख्या मऊ कुंच्यांचं, त्यातून घोड्याचे पाय घासून गेले तरी चालतं. दुसरं नुसतं लाकडाचं. जाड आडव्या फळ्या, माझ्या छातीइतक्या उंच. ते लाकूड अजिबात दया दाखवत नाही. घोड्याचा पाय अडला तर घोडा कोलमडतो आणि वरचा माणूसही. मी एका फळीवर हात ठेवला आणि म्हटलं, "इथे वेगवान घोडा शहाणा नाही. शहाणा घोडा तो, जो उडी मारायच्या आधी विचार करतो." बेन हसले आणि म्हणाले, "हे कळायला मला दहा वर्षं लागली." झालं, मी हवेत! पुणं सोडल्यापासून माझ्या ज्ञानाचं इतकं कौतुक कुणी केलं नव्हतं.

मैदानाला एक फेरा झाल्यावर माझ्या लक्षात आलं की इथे सगळं उलटं आहे. पुण्या-मुंबईला घोडे घड्याळाच्या काट्यांसारखे उजवीकडे वळत धावतात. इथे डावीकडे. मी तेही लगेच बोलून दाखवलं. सुजाता मागून वही घेऊन येत होती, तिने लिहून घेतलं. तिची ती सवय अजून गेलेली नाही.

मग ती गाडीतून पाणी आणायला गेली, तेव्हा बेन फळीला टेकून म्हणाले, "तुम्ही तिच्या शिक्षिका म्हणून सांगतो. सोमवारी मला तिचा कागद भरायचाय. मी पुढच्या वर्षासाठी तिला ठेवतो असं लिहून दिलं तरच तिचा व्हिसा वाढतो आणि ती शेवटची परीक्षा देऊ शकते. नाही दिलं तर तिला परत जावं लागेल."

"मग द्या की! तिच्यासारखा हात तुम्हाला मिळायचा नाही."

"हात उत्तम आहे," ते म्हणाले. "पण चौदा महिन्यांत ती मला एकदाही 'नाही' म्हणालेली नाही. मी जे म्हणतो, तेच ती म्हणते. माझी नजर आता पूर्वीसारखी राहिली नाही. मला मान डोलावणारं माणूस नकोय. मी चुकलो तर माझ्या तोंडावर सांगणारं पाहिजे. नाहीतर एक दिवस माझ्या चुकीने कुणाचा तरी जीव जाईल."

या पोरीच्या आईने शिवणकाम करून तिला शिकवलंय, हे मला माहीत आहे. तिचं तोंड बंद का, तेही माहीत आहे. आमच्या कॉलेजात तोंड उघडणाऱ्या पोरांचं काय व्हायचं ते तिने पाहिलंय. आणि खरं सांगायचं तर मलाही वर्गात उलट उत्तरं आवडायची नाहीत. मी बेनना म्हटलं, "माझ्यावर सोडा. दोन दिवसांत बोलायला लावते."

त्या संध्याकाळी मी तिला समोर बसवलं आणि तासभर भाषण दिलं. धीट हो, स्पष्ट बोल, घाबरू नकोस. ती "हो मॅडम, हो मॅडम" करत राहिली. यातली गंमत त्या वेळी माझ्या लक्षात आली नाही.

शनिवार, सकाळ

शर्यतीच्या दिवशी त्या माळरानावर जत्रा भरते. हजारो गाड्या गवतात ओळीने लावलेल्या, डिक्क्या उघड्या, आणि डिक्कीत अख्खं स्वयंपाकघर. चांदीच्या भांड्यांत तळलेली कोंबडी, मसाला भरलेली अंडी, फुलदाण्यासुद्धा! बायकांच्या डोक्यावर सुपाएवढ्या हॅट. आणि सगळ्यात आश्चर्याची गोष्ट, इथे बेटिंग नाही. खिडकी नाही, बुकी नाही, काही नाही. लोक घोड्यांच्या नंबरांच्या चिठ्ठ्या टोपीत टाकतात आणि एकेक उचलतात. पुण्याच्या रेसकोर्सवर हे सांगितलं तर लोक मला वेड्यात काढतील. बेनच्या डिक्कीत आमची पुडाची वडी आणि मी नेलेली शेंगदाण्याची चटणी होती. शेजारच्या गाडीतल्या आजींनी चटणी नुसतीच चमच्याने खाल्ली आणि मग त्यांच्या हॅटखालून घामाच्या धारा लागल्या. पण पठ्ठीने दुसऱ्यांदा मागितली.

बेन आणि मी शर्यतींच्या पुस्तकात आपापले अंदाज लिहिले. एकूण पाच शर्यती. तिसरी सगळ्यात मोठी, तीन मैल, सगळी लाकडी कुंपणं. मी प्रत्येक घोडा पाहून, चालवून, त्याच्या छातीचा आणि मागच्या पायांचा अंदाज घेऊन लाल पेनने नंबर टाकले. सुजाताला विचारलं, तुझं काय? "तुम्ही टाकले तेच जी."

तपासणी सुरू झाली. घोडा सरळ रेषेत दुडकत न्यायचा, परत आणायचा, मग पायांवरून हात फिरवायचा. बेन बघत होते, सुजाता हात लावत होती, मी शेजारी उभी. तिसऱ्या शर्यतीतली चार नंबरची घोडी सगळ्यात शेवटी आली, तीही उशिरा. तांबूस रंगाची, देखणी. मालकीण मार्था, पन्नाशीची, याच गावातली. घोडीवर बसणार होती तिची मुलगी केटी, चोवीस वर्षांची. वाटेत ट्रेलरमध्ये घोडीच्या पुढच्या पायांना बर्फाच्या पट्ट्या बांधल्या होत्या. त्या मार्थाने आमच्यासमोरच सोडल्या. पाय थंड ठेवायची ही रीत सगळीकडे आहे, त्यात काही वावगं नाही.

घोडी दुडकली. पुढचा डावा पाय किंचित आखूड पडत होता, अगदी किंचित. बेनच्या कपाळावर आठी आली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "प्रोफेसर, तुम्हाला काय वाटतं?"

प्रोफेसर! मी पुढे झाले, सुजाताला बाजूला सारून वाकले, आणि स्वतः दोन्ही पायांवरून हात फिरवला. गुडघ्याखालच्या हाडामागे जाड दोरीसारखा टेंडन असतो. घोड्याचं सगळं आयुष्य त्याच्यावर टांगलेलं असतं. दोन्ही टेंडन थंडगार, गुळगुळीत. मी उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "काही नाही. आमच्याकडे उजवीकडे वळणारे घोडे उजव्या खांद्यात आखडतात. तुमचे डावीकडे वळतात, म्हणून ही डावीकडे आखडलीय. सवयीचा आखूडपणा आहे, दुखणं नाही."

किती छान सिद्धांत होता! माझाच मला इतका आवडला. बेनने मान डोलावली, घोडी पास झाली. मी पुस्तकात चार नंबरपुढे लाल पेनने एकचा आकडा टाकला.

शनिवार, दुपार

पहिल्या दोन्ही शर्यती मी बरोबर सांगितल्या. उगाच विनय कशाला दाखवू? पहिलीत मी सांगितलेला काळा घोडा चार लांब्यांनी, म्हणजे चार घोड्यांइतक्या अंतराने, पहिला आला. इथे घोडे सोडायला फाटकं नसतात. एक माणूस झेंडा खाली करतो आणि घोडे सुटतात, मग टेकडीआड जातात, आणि पुन्हा दिसेपर्यंत सगळा माळ श्वास धरून उभा असतो. दुसऱ्या शर्यतीनंतर हॅटवाल्या आजी माझ्याकडे चिठ्ठ्या घेऊन आल्या, कुठली ठेवू म्हणून विचारायला. आजूबाजूचे चारपाच लोकही जमले. मी सांगत होते, हा घोडा छातीचा अरुंद, हा दमेल, हा विचारी. माझ्या तोंडाला नुसता जोर चढला होता.

तिसऱ्या शर्यतीचे घोडे पॅडॉकमध्ये, म्हणजे दोरीने आखलेल्या रिंगणात, फिरायला लागले. मी मान वळवली तर सुजाता दोरीपाशी उभी. ती चार नंबरच्या घोडीकडे बघत होती. उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर घासत होता.

"काय गं?"

"काही नाही मॅडम."

"काही दिसतंय का?"

"तुम्ही पाहिलंय ना जी. मग बरोबरच असंल."

मला खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. सात वर्षं ज्या बोटांवरून मी मार्क दिले, ती बोटं समोर घासली जात होती. पण मागून आजींनी हाक मारली आणि मी वळले. "बरं," म्हणाले. मी ते "बरं" अजून विसरलेले नाही.

केटी निळ्या रेशमी सदऱ्यात आली. मार्थाने तिला घोडीवर बसवण्यासाठी हात पुढे केला. आणि मी मागून ऐकलं,

"नाही."

सुजाता दोरीखालून आत गेली होती. ती घोडीपाशी गुडघ्यावर बसली, डावा पाय हातात घेतला, मग उजवा, मग पुन्हा डावा. उठली. तिचा आवाज कापत होता, पण मोठा होता. "बेन, ही घोडी धावणार नाही."

मार्था लालबुंद झाली. "सकाळी पास केलीय! तुझ्या प्रोफेसरने केलीय!"

"माझ्या प्रोफेसर चुकल्या," सुजाता म्हणाली.

बाई गं! माझ्या कानशिलातून वाफा निघाल्या. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत असं कुणी चारचौघांत बोललं नव्हतं. मी तरातरा दोरी ओलांडून गेले. तेवढ्यात ती माझ्याकडे वळली. डोळ्यांत पाणी भरलेलं. मराठीत म्हणाली, "मॅडम, माफ करा. हात दोनदा लावायचा. थंड असताना एकदा आणि घोडा चालून आल्यावर एकदा. तुम्हीच शिकवलं. सकाळी बर्फ नुकताच सुटला होता. तुम्ही एकदाच लावला."

मी वाकले आणि घोडीचा उजवा पाय धरला. गार. मग डावा. टेंडनच्या मध्यावर, बोटभर लांबीची जागा, भाकरी काढून घेतलेल्या ताटलीच्या बुडासारखी कोमट. दाबल्यावर घोडीने पाय झटकन ओढला.

समोर केटीचे बूट होते. चकचकीत पॉलिश केलेले. आणि रिंगणाच्या पलीकडे उतारावर ती छातीइतकी उंच लाकडी फळी दिसत होती. बर्फ, थंड पाय, दोनदा हात, हे मी शेकडो मुलांना घोकून घेतलं होतं, आणि स्वतः मात्र सिद्धांत सांगायच्या घाईत विसरले होते.

मी उभी राहिले आणि सकाळइतक्याच मोठ्याने इंग्रजीत सांगितलं, "ती बरोबर आहे. मी चुकले. घोडी काढा."

बेनने स्वतः एकदा हात लावला आणि पंचांना खूण केली. मार्था घोडीला घेऊन निघून गेली. केटी मात्र थोडं चालून परत आली आणि सुजाताचा हात धरून नुसती उभी राहिली. तिसरी शर्यत उरलेल्या सहा घोड्यांची झाली. कोण जिंकलं ते मला आठवत नाही. चौथ्या आणि पाचव्यात माझे अंदाज साफ पडले, ते मात्र आठवतं.

गाडीकडे परतताना बेनने टोपी काढून टक्कल पुसलं आणि सुजाताला म्हणाले, "या एका 'नाही'साठी मी चौदा महिने थांबलोय." खिशातून घडी केलेला कागद काढला, ट्रकच्या बॉनेटवर ठेवला आणि सोमवारची वाट न बघता सही केली. सुजाताने तो वाचला आणि पुन्हा अंगठा घासायला लागली. मी तिचा हात पकडला आणि म्हटलं, "पुरे आता. तोंडाने बोल."

"थँक यू," ती बेनना म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "तुम्ही रागावल्या का जी?"

"रागावले होते," मी म्हटलं. "आता नाही." आणि खरंच नव्हते. इतकी शरम आणि इतका अभिमान एकाच वेळी मला आयुष्यात कधी वाटला नव्हता.

रविवार

सकाळी बेनचा फोन आला. त्यांनी मार्थाच्या तबेल्यात जाऊन घोडीच्या पायाची सोनोग्राफी केली होती. टेंडन आतून फाटायला लागला होता. तिसऱ्या-चौथ्या कुंपणाला गेलाच असता. मार्थाने सुजातासाठी डझनभर अंडी पाठवली होती, चिठ्ठीबिठ्ठी काही नाही. त्या भागात माफी अशीच मागतात म्हणे. आपल्याकडेही वेगळं काय करतात!

माझं विमान दुपारचं होतं. मी अंड्यांची पोळी केली, वर चटणी भुरभुरली, आणि नेहमीप्रमाणे चहा टाकला. दोन कप भरून खिडकीपाशी आणले. खाली कुरणात घोडे चरत होते. सुजाताने कप दोन्ही हातांत धरला, मान खाली घातली, एक घोट घेतला, आणि कप खाली ठेवला.

"मॅडम, एक बोलू का जी?"

"बोल."

"तुमच्या चहात साखर फार असते. सात वर्षं पिली मी. माझ्याच्यानं आता नाही होत."

मी मग तिचा कप उचलला, मोरीत ओतला, आणि पातेलं तिच्या हातात दिलं. तिने चहा केला. बिनसाखरेचा, कडक, आलं ठेचून घातलेला. मी तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले, आणि आणखी अर्धा कप मागून घेतला.